शहाजोग हुंडी आणि सुटलेला कासरा

कुणी ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाले, की आपल्याकडे समोरचा हसून म्हणतो, ‘विश्वास तर पानिपतात गेला!’ १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पानिपतावर पडले आणि जाता जाता मराठी माणसाला व्यवहारातल्या सावधगिरीची एक कोटी देऊन गेले. इतिहासाच्या तासाला मी ही कोटी दरवर्षी करतो आणि मुले दरवर्षी हसतात. पण गेल्या श्रावणात माझाच एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला, आणि त्याची हकीगत ऐकताना मला त्या कोटीचे हसू आले नाही.

मुलगा हुशार, आणि हुशारीपेक्षाही सालस. वडील लहानपणीच गेलेले. आईने खानावळीवर त्याला शिकवले. कामधंद्याला लागल्यावर त्याने एक चांगली गोष्ट केली. आईच्या हातची आंबोळी, खतखते, सांदणे, फणसाची भाजी, असे सारे पदार्थ तिच्याच शब्दांत लिहून घेतले आणि इंटरनेटवर त्यांचे एक संकेतस्थळ काढले. त्या स्थळाला नावही आईचेच दिले. सात वर्षांत ते चांगले नावारूपाला आले. दूर देशी गेलेल्या लेकी-सुना तिथे येऊन ‘उकडीत पाणी किती?’ असे विचारू लागल्या. जाहिरातींचे चार पैसेही मिळू लागले.

यंदा आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया निघाली, घराचे छप्पर आले, आणि त्याने ते स्थळ विकायचे ठरवले. परदेशातला एक गिऱ्हाईक भेटला. पत्रे मोठी गोड लिहायचा. सौदा ३ लाख ४० हजार रुपयांना ठरला. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डाने, एका मध्यस्थ कंपनीमार्फत पैसे भरले. त्याच रात्री याच्या खात्यावर रक्कम जमा दिसली. “मी माझे काम केले, आता तुम्ही किल्ल्या द्या,” असे गिऱ्हाइकाचे पत्र आले. याने संकेतस्थळाचे नाव, त्याचे परवलीचे शब्द आणि सात वर्षांचे सगळे लिखाण त्याच रात्री पलीकडे सोपवले.

त्रेचाळिसाव्या दिवशी खात्यातली रक्कम नाहीशी झाली. ते कार्ड चोरीचे होते. त्याच्या खऱ्या मालकाने तक्रार केली, त्याच्या बँकेने पैसे परत ओढून घेतले, आणि वर दंडाची फी लावली ती याच्याच माथी. गिऱ्हाइकाचा ठावठिकाणा नाही. आणि त्याच्या आईच्या नावाने उघडणाऱ्या त्या पानावर आता जुगाराच्या जाहिराती झळकतात.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पैसे आले होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मग ते माझे का नव्हते?”

मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. कादंबरीत असा प्रश्न आला तर दोन उसासे टाकून प्रकरण संपवता येते. पण पोर समोर बसले होते. “पाहतो,” एवढेच म्हणालो, आणि मग दोन महिने हाच प्रश्न घेऊन पुस्तके चाळत राहिलो. जे सापडले ते आज फराळाच्या ताटाशेजारी आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात मात्र पुस्तकातून नाही, बैलबाजारातून. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी आमचा एक बैल विकला. दलालाने रुमालाखाली हात घातला, बोटे दाबून भाव ठरला. गिऱ्हाइकाने नोटा मोजून दिल्या. वडिलांनी त्या एकदा मोजल्या, काकांनी दुसऱ्यांदा मोजल्या, आणि शेवटची नोट खिशात गेल्यावरच बैलाचा कासरा गिऱ्हाइकाच्या हातात पडला. तोवर बैलही आमचा आणि कासराही आमचा. एका हाताने घे, दुसऱ्या हाताने दे. या व्यवहारात विश्वासाची गरज फारशी नसते, कारण पैसा आणि वस्तू एकाच क्षणी, एकाच जागी, चार डोळ्यांदेखत हात बदलतात.

अडचण सुरू होते ती अंतराने. घेणारा काशीत आणि देणारा पुण्यात असेल, तर कासरा आधी सोडायचा की पैसे आधी मोजायचे? या अडचणीवर आपल्या देशातल्या सराफांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. एका गावी पैसे भरून कागद घ्यायचा, आणि दुसऱ्या गावी तो कागद दाखवून पैसे घ्यायचे. पाहताच पैसे देण्याची ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी देण्याची ती मुदती. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, परपेठ. आणि आकड्यात कुणी शून्य वाढवू नये म्हणून रक्कम नुसती लिहून भागत नसे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, अशी ती उलटसुलट बांधून टाकीत. लबाडी काही संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही, हे या एका रिवाजावरून ध्यानात यावे.

सराफांचे हे जाळे केवढे पक्के होते, त्याची साक्ष पानिपतच देते. त्या संहाराची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली, ती सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून, असे परंपरेने सांगतात. दोन मोत्ये गेली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा सावकारी भाषेतला तो मजकूर आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्या मोत्यांतले एक मोती म्हणजे विश्वासराव.

पण हुंडीचा खरा जीव कागदात नव्हता. तो होता शहाजोग हुंडीत. ‘शहा’ म्हणजे बाजारात पत असलेला सावकार. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आणणाराला मिळत नसत. बाजार ज्याला ओळखतो अशा शहालाच ते मिळत. आणि पुढे हुंडी बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या त्या शहाने ते परत भरून द्यायचे, असा रिवाज होता. म्हणजे पैसे परत जाण्याची सोय तेव्हाही होती, पण ज्याच्याकडून परत घ्यायचे तो माणूस दुकान, पेढी आणि अब्रूसकट त्याच पेठेत बसलेला असे. बनावट कागद घेऊन आलेल्या अनोळखी माणसासाठी कोणता शहा आपली पत गहाण टाकील? इंग्रजांनी १८८१ साली हुंड्या-चेकांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्यांनीही पहिल्याच कलमात राखून ठेवले.

गंमत अशी की आज आपण शहाजोग कुणाला म्हणतो? आतून बेरकी आणि वरून साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला! जो शब्द पतीचा होता तो सोंगाचा झाला. माझ्या विद्यार्थ्याला भेटलेला गिऱ्हाईक जुन्या अर्थाने शहाजोग नव्हता, नव्या अर्थाने मात्र पुरेपूर होता.

आता जरा विलायतेला जाऊ, कारण आजच्या बँका ज्या कायद्याने चालतात त्याची मुळे तिथे आहेत. ज्या १७५८ साली मराठ्यांचे घोडे अटकेला पोचले, त्याच साली लंडनच्या न्यायालयात एका नोटेचा खटला चालला. त्याआधी सुमारे वर्षभर, डिसेंबर १७५६ मध्ये, फिनी नावाच्या गृहस्थाने २१ पौंड १० शिलिंगांची बँक ऑफ इंग्लंडची नोट टपालाने धाडली. त्या रात्री टपाल लुटले गेले. ती नोट फिरत फिरत मिलर नावाच्या खानावळवाल्याकडे आली. त्याने ती एका प्रवाशाकडून पुरा मोबदला देऊन, निर्मळ मनाने घेतली होती. मिलर पैसे मागायला बँकेत गेला, तर रेस नावाच्या कारकुनाने नोट दाबून ठेवली. चोरीचा माल मूळ मालकाकडे जावा, हा सर्वसाधारण न्याय. पण न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल मिलरच्या बाजूने दिला. नोट ही बैलासारखी वस्तू नव्हे, ती पैसा आहे. चांगल्या मनाने आणि मोबदला देऊन घेणाऱ्याच्या हाती आली की ती त्याची झाली. असे न मानले तर बाजारच चालणार नाही.

चार वर्षांनी, १७६२ साली, म्हणजे पानिपतानंतरच्याच वर्षी, मॅन्सफील्डपुढे दुसरा खटला आला. ली नावाच्या भामट्याने ४०-४० पौंडांच्या दोन हुंड्यांवर दुसऱ्याची खोटी सही ठोकली होती. प्राइस नावाच्या माणसाने त्यांचे पैसे भरले आणि लबाडी उघडी पडल्यावर ते नील नावाच्या घेणाऱ्याकडून परत मागितले. ली तोवर फासावर गेला होता. मॅन्सफील्ड म्हणाले, नीलचा काही दोष नाही. सही खरी की खोटी हे पैसे देणाऱ्याने पाहायला हवे होते, आता निरपराध घेणाऱ्याच्या खिशात हात घालता येणार नाही.

हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. माझा विद्यार्थी म्हणजे आजचा मिलर, आजचा नील! निर्मळ मनाने, पुरा मोबदला देऊन त्याने पैसे घेतले होते. १७५८ चा न्याय असता तर ते त्याचेच राहिले असते. मग मधल्या काळात बदलले काय?

बदलले ते अमेरिकेत, आणि तेही बरोबर २०० वर्षांनी. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० लोकांच्या घरी, कुणी मागितलेली नसताना, टपालाने उधारीची कार्डे धाडली. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावणाऱ्या आपल्या वाण्याला घेरी यावी असा तो प्रकार. कार्डे चोरीला जाऊ लागली, भलत्यांच्या हाती पडू लागली, आणि ज्याने काही घेतलेच नाही त्याच्या नावावर खर्च पडू लागला. लोकांनी ओरड केली. १९७० साली कायद्याने अशी न मागता कार्डे धाडणे बंद केले, आणि कार्ड चोरीला गेले तर मालकाच्या माथी ५० डॉलरपेक्षा अधिक बोजा पडू नये असे ठरवले. १९७४ साली आणखी एक कायदा झाला, आणि हिशेबातली चुकीची रक्कम नाकारण्याचा हक्क कार्डवाल्याला मिळाला. कार्ड कंपन्यांनी त्याभोवती आपले नियम उभे केले. आज तक्रारीला बहुधा १२० दिवसांपर्यंत मुदत असते. तक्रार खरी ठरली, की विकणाऱ्याकडे गेलेली रक्कम उलट पावली परत येते.

हा कायदा वाईट आहे का? मुळीच नाही. उद्या माझे कार्ड कुणी पळवले, तर मीही त्याच्याच आसऱ्याला जाईन. पण एकाला छत्री धरली की पागोळ्या दुसऱ्याच्या अंगावर पडतात. कार्डाचा खरा मालक वाचला, बँक वाचली, आणि तोटा आला विकणाऱ्याच्या वाट्याला. त्यातही ज्याने पेटी-पार्सल पाठवले त्याच्यापाशी निदान पोचपावती असते. संकेतस्थळ विकणाऱ्याने पाठवलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिचे वजन नाही, तिच्यावर टपालाचा शिक्का नाही. तो काय दाखवणार?

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की खात्यात ‘जमा’ दिसलेली रक्कम म्हणजे मॅन्सफील्डची नोट नव्हे. ती १२० दिवसांची मुदती हुंडी, आणि तिच्यामागे शहा कुणीच नाही.

आणि हे फक्त भोळ्या पोरांचेच होते असेही नाही. त्याच १९७४ साली, २६ जूनला, जर्मनीतल्या कोलोन शहरची हेरस्टाट बँक सरकारने बंद केली. परदेशी चलनाच्या सौद्यात तिला जर्मन मार्क दिवसा मिळाले होते. त्याच्या बदल्यात डॉलर द्यायचे होते न्यूयॉर्कमध्ये. पण कोलोनमध्ये दुपार कलली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. मार्क देऊन बसलेल्या मोठमोठ्या बँकांना डॉलर मिळालेच नाहीत. त्यांनीही कासरा आधी सोडला होता! त्या फजितीनंतर प्रमुख देशांच्या मध्यवर्ती बँकांनी बासेलला समिती नेमली, आणि २००२ साली दोन्ही बाजूंची चलने एकदमच हात बदलतील अशी खास संस्था उभी राहिली. म्हणजे फिरून फिरून गाडी आली ती वडिलांच्या बैलबाजारातच.

‘जमा दिसणे’ आणि ‘जमा होणे’ यांमधली ही फट म्हणजे ठकांचे माहेरघर. अमेरिकेत १९८७ साली आणखी एक कायदा झाला, की भरलेल्या चेकची रक्कम ग्राहकाला लवकर वापरू द्यावी. हेतू चांगला. पण चेक खरा की बनावट हे ठरायला त्याहून अधिक दिवस लागतात. ठकांनी ते हेरले. ठरल्या किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा बनावट चेक धाडायचा, ‘चुकून अधिक गेले, वरचे तेवढे परत पाठवा’ म्हणायचे, आणि चेक परत येण्याआधी ती खरीखुरी रक्कम घेऊन पसार व्हायचे. आपल्याकडे २०१६ साली मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली, तेव्हा ठकांनी नवेच सोंग आणले. ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका,’ असे ते सांगत. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे. एवढे एक वाक्य ठाऊक नसल्याने कितीतरी घरांतले पैसे गेले.

मग वस्तूचे काय? पैसे परत जाऊ शकतात, तर वस्तू का परत येत नाही? याचेही एक प्रकरण गाजलेले आहे. १९९४ साली गॅरी क्रेमेन नावाच्या अमेरिकन माणसाने इंटरनेटवरचे एक नाव नोंदवले. नाव दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही, पण किंमत लाखो डॉलरची. १९९५ साली कोहेन नावाच्या ठकाने नोंदणी कंपनीला एक बनावट पत्र धाडले, आणि त्या एका पत्रावर कंपनीने ते नाव त्याच्या हवाली केले. परत मिळवायला क्रेमेनला २००० साल उजाडले. २००१ साली न्यायालयाने त्याला साडेसहा कोटी डॉलर देवविले, पण कोहेन मेक्सिकोला पळाला होता. तो पकडला गेला २००५ साली, आणि त्या रकमेतले फारच थोडे क्रेमेनच्या हाती लागले. मात्र २००३ साली वरिष्ठ न्यायालयाने एक गोष्ट कायमची सांगून ठेवली, की असे नावसुद्धा मालमत्ताच आहे, आणि ते पळवणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू पळवणेच आहे. न्याय मिळाला, पण किती वर्षांनी! वस्तू जायला एक रात्र लागते, यायला पाच वर्षे.

यावर उपाय नाही असे नव्हे. तो जुनाच आहे. दोघांचा भरवसा असलेल्या तिऱ्हाइताकडे पैसे ठेवायचे. वस्तू पोचली, घेणाऱ्याने तपासली, की तिऱ्हाइताने पैसे विकणाऱ्याच्या हवाली करायचे. इंग्रजीत याला एस्क्रो म्हणतात. जुन्या फ्रेंचमधल्या गुंडाळीच्या कागदावरून तो शब्द आला. इंटरनेटवरच्या सौद्यांसाठी अशी पेढी अमेरिकेत १९९९ साली निघाली. आणि आश्चर्य वाटायला नको, तिच्या पाठोपाठ खोट्या एस्क्रो पेढ्यांचीही दुकाने लागली! म्हणून तिऱ्हाईत कोण, हे गिऱ्हाइकाने धाडलेल्या दुव्यावरून ठरवायचे नाही, आपण स्वतः शोधून, स्वतः पत्ता लिहून तिथे जायचे. बँकेतून बँकेत पैसे घ्यायचे, तर आपल्या देशात २००४ साली सुरू झालेल्या आरटीजीएस पद्धतीत एकदा चुकता झालेला व्यवहार अंतिम मानतात. मात्र पैसे आल्याची खात्री गिऱ्हाइकाने धाडलेल्या चित्रावरून करायची नाही, आपल्या बँकेच्या खातेउताऱ्यावरून करायची.

हे सारे मी दसऱ्याच्या सुमारास विद्यार्थ्याला सांगितले. तो गप्प बसून ऐकत होता. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाला, “गुरुजी, माझे दुसरे एक लहान स्थळ आहे, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळांचे. त्याला गिऱ्हाईक आला आहे. आज रात्रीच कार्डाने पैसे भरतो म्हणतो.”

“त्याला लिही,” मी म्हणालो, “की पैसे तिऱ्हाइताकडे ठेव, आणि तिऱ्हाईत मी निवडीन.”

त्याने तिथेच, माझ्या ओसरीवर बसून लिहिले. उत्तर आले ते रागाचे. माझ्यावर विश्वास नाही का, एवढी घाई असताना हे नसते लफडे कशाला, वगैरे. याने पुन्हा तेच लिहिले. त्यानंतर उत्तर आले नाही. स्थळ अजून विकले गेलेले नाही, आणि छपराचे पत्रे यंदाच्या पावसात तसेच गळले. पण कासरा त्याच्या हातात आहे.

परवा त्यांच्या घरी गेलो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्याचे पैसे तो जमवतो आहे. त्या माउलीने माझ्यापुढे चकल्यांची बशी ठेवली. जुगाराच्या त्या पानाचे तिला मुलाने सांगितलेले नाही, तेव्हा मीही काही बोललो नाही. तीच म्हणाली, “गुरुजी, ते गेले म्हणे कुणाकडे. जाऊ दे. माझी वही आहे ना.” आणि फडताळातून तेलाच्या डागांनी पिवळी झालेली वही काढून तिने ती मुलापुढे सरकवली. “नवीन काढ. आणि या वेळी माझे नाव नको घालू बाबा, नजर लागते.”

मुलाने वही उघडली आणि पहिल्या पानापासून पुन्हा उतरवून घ्यायला सुरुवात केली.